कबरीवरची बाग : फिलाडेल्फियातील ‘ग्रेव्ह गार्डनर्स’

प्रतिवर्षी २ नोव्हेंबर रोजी, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण आप्तेष्टांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्या आत्म्यास चिरशांती मिळावी म्हणून प्रार्थना करतो. परंतु ज्यांचे आप्तच आता उरले नाहीत, त्यांच्या कबरींची काळजी कोणी घ्यावी? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘द वुडलँड्स’ नावाची एक ऐतिहासिक दफनभूमी आहे. तेथील स्वयंसेवकांनी खुरपे आणि रोपे हाती घेऊन या प्रश्नाला उत्तर दिले आहे. त्यांच्या कार्याची माहिती आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उद्यानाची झाली दफनभूमी

फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात, स्कूलकिल नदीजवळ, सुमारे ५४ एकरांवर ही दफनभूमी पसरलेली आहे. मूळची ही विल्यम हॅमिल्टन (१७४५–१८१३) या वनस्पतिप्रेमी गृहस्थांची वाडी. देशोदेशींची झाडे आणून वाढविण्याचा त्यांना छंद होता. गिंको हा मूळचा चीनमधील वृक्ष १७८०च्या दशकात त्यांनीच प्रथम अमेरिकेत आणला, असे मानले जाते. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत गोळा झालेल्या बियांपैकी काही बिया राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०७ साली हॅमिल्टन यांच्याकडे पाठविल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात शहरांतील चर्चच्या आवारांत दफनासाठी जागा अपुरी पडू लागली. तेव्हा शहराबाहेर, झाडाझुडपांत दफनभूमी वसविण्याची पद्धत रूढ झाली. पॅरिसमधील पेर लाशेझ (१८०४) आणि अमेरिकेतील माउंट ऑबर्न (१८३१) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. याच विचाराने १८४० साली हॅमिल्टन यांच्या वाडीचे रूपांतर दफनभूमीत करण्यात आले. ती कोणत्याही एका पंथाची नाही. चित्रकार थॉमस एकिन्स तेथे विसावले आहेत. २००० साली संतपदी घोषित झालेल्या संत कॅथरिन ड्रेक्सल यांचे चुलते, अँथनी ड्रेक्सल यांची समाधीही तेथेच आहे. या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळालेला आहे.

पाळणा-कबर म्हणजे काय?

वुडलँड्समध्ये ‘क्रेडल ग्रेव्ह’, म्हणजेच पाळणा-कबर, या प्रकारच्या कबरी मोठ्या संख्येने आहेत. डोक्याशी एक शिला, पायाशी दुसरी लहान शिला आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या दगडी कडा, अशी त्यांची रचना असते. मधली जागा मातीची व उघडी असते. नावावरून या केवळ बालकांच्या कबरी असाव्यात असा समज होतो. परंतु प्रौढांसाठीही त्या बांधल्या जात. मधली मोकळी जागा मुद्दामच ठेवलेली असे. कुटुंबीयांनी तेथे फुलझाडे लावावीत, अधूनमधून येऊन त्यांना पाणी घालावे आणि त्यानिमित्ताने आपल्या माणसाजवळ घटकाभर बसावे, अशी त्यामागची कल्पना होती.

म्हणजेच, या कबरीत दगड हा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग जिवंत माणसाने पुरा करायचा असतो. पुढे पिढ्या बदलल्या, कुटुंबे दूरदेशी गेली, काही वंशच खुंटले. वाफ्यांत फुलांच्या जागी गवत माजले. दगड जागेवर उभा होता, पण कबर मात्र अपुरी राहिली.

अनोळखी माणसांनी घेतलेले पालकत्व

हा उणेपणा दूर करण्यासाठी २०१६ साली वुडलँड्सने ‘ग्रेव्ह गार्डनर्स’ हा उपक्रम सुरू केला. ‘ग्रेव्ह गार्डनर्स’ म्हणजे कबरीचे माळी. प्रत्येक स्वयंसेवकाकडे एक पाळणा-कबर सोपविली जाते. हंगामभर तिची निगा राखण्याची जबाबदारी त्याची असते. आरंभी त्याला बागकामाचे व दफनभूमीच्या इतिहासाचे प्रशिक्षण मिळते. कबरी ज्या काळातील आहेत त्या काळी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या युगात, प्रचलित असलेल्या फुलझाडांना निवडीत प्राधान्य असते. थोड्याच वर्षांत अशा माळ्यांची संख्या शंभरावर गेली.

काम साधे वाटले तरी त्याला शिस्त लागते. फिलाडेल्फियात हिवाळा कडक असतो. म्हणून लागवड वसंतात होते, उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे लागते आणि ट्यूलिपसारखे कंद शरदातच पुरून ठेवावे लागतात. उंच झुडपे लेख झाकून टाकतात आणि मोठ्या झाडांची मुळे दगड उचलतात. म्हणून अशा वाफ्यांना ठेंगणी, नाजूक मुळांची झाडेच मानवतात. जुन्या संगमरवराला तारेचा ब्रश किंवा ब्लीच कधीही लावू नये. त्याने दगडाचा पृष्ठभाग झिजतो व अक्षरे कायमची पुसली जातात. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि पुष्कळ धीर, एवढेच साहित्य बहुधा पुरेसे असते.

या उपक्रमातील एक गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. आपण ज्याची कबर जोपासतो तो मनुष्य कोण होता, याचा शोध कित्येक स्वयंसेवक जुन्या कागदपत्रांतून घेतात. मग दगडावरचे ते केवळ नाव उरत नाही. कुणाची तरी आई, कुणाचा तरी पुत्र पुन्हा कुणाच्या तरी आठवणीत येतो. नात्याचा कोणताही धागा नसताना हे घडते.

आपल्यासाठी बोध

मृतांना मूठमाती देणे हे शारीरिक दयेच्या सात कृत्यांपैकी एक आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. दफनभूमीचे पावित्र्य जपले जावे यासाठी योग्य नियम करावेत, असे १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम १२४३ सांगते. परंतु नियमांनी कुंपण राखता येते. गवत उपटायला मात्र हातच लागतात.

आपल्याकडचे हवामान निराळे, कबरींची घडणही निराळी. पावसाळ्यात आपल्या दफनभूमीत जे रान माजते ते फिलाडेल्फियाच्या माळ्यांच्या कल्पनेतही येणार नाही. तेथील फुले येथे लावावीत, असे आम्ही सुचवीत नाही. मात्र त्यांची रीत घेण्याजोगी आहे : सगळी दफनभूमी एका दिवसात लखलखीत करण्याऐवजी एका माणसाने एकच कबर घ्यावी आणि ती वर्षभर सांभाळावी. येत्या नोव्हेंबरमध्ये आपल्या आप्तांच्या कबरीवर फुले वाहून झाल्यावर आपण शेजारच्या, फुले नसलेल्या कबरीकडेही पाहावे. तिच्यावरील नाव वाचावे, त्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणावी आणि धर्मगुरूंच्या अनुमतीने तिच्या देखभालीचे काम आपल्याकडे मागून घ्यावे.