पाण्यानंतरचा ताव

पोलादी पात्याची वाखाणणी करताना लोक त्याच्या पाण्याची स्तुती करतात. ‘पाणीदार पाते’ या शब्दातही मान पाण्यालाच आहे. परंतु पाण्याने काम निम्मेच होते. उरलेले निम्मे आपल्या लोहार बांधवांच्या डोळ्यांनी केले, ही गोष्ट ज्ञातीच्या इतिहासात नोंदली जावी असे वाटते.

ताथवड्यासारख्या पुणे प्रांतातील शेतकरी गावांत लोहार हा बलुतेदार असे. सुगीस धान्य घ्यावयाचे आणि वर्षभर फाळ, विळे, खुरपी यांची निगा राखावयाची. लालभडक तापविलेले पाते पाण्यात बुडविले की पोलाद अत्यंत कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. पहिल्याच घावास धार उडते. म्हणून जाणता कारागीर धारेकडील भागच बुडवी, पाते बाहेर काढून दगडावर घासून उजळ करी, आणि मागील जाड भागातील उष्णता धारेकडे सरकताना रंग पाहत राही. प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुरीला पिवळ्यावर थांबवावयाचे, कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावयाचे. इष्ट रंग धारेवर येताच पाते पुन्हा पाण्यात! क्षणभर चुकले की धार मऊ पडलीच. लोकव्यवहारात पाणी उतरणे ही नामुष्की. लोहारशाळेत मात्र कडकपणा थोडा उतरविण्यातच पात्याचा बचाव.

हे रंग म्हणजे पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा अतिपातळ थर होय. पिवळा सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. इंग्लंडात शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३-६४ मध्ये पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पाण्याने घडणाऱ्या कठीण रचनेस पुढे जर्मन संशोधक अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणू लागले. आमच्या कारागिराजवळ ना सूक्ष्मदर्शक, ना तापमापक. लोहारशाळा अंधारी असे, ती केवळ दारिद्र्यामुळे नव्हे. प्रखर उजेडात तापल्या लोखंडाचा रंग फसवितो.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतांत कारखाने उभे राहिले. २००९ मध्ये ताथवडेही महानगरपालिकेत आले. कारखान्यांत हाच दुसरा ताव ‘टेंपरिंग’ या नावाने गिअरांना व स्प्रिंगांना मिळतो. रंगाच्या जागी तापमापक आला, आणि धारेची पारख रॉकवेल यंत्राच्या आकड्यावर गेली. ट्रकच्या मोडीतील कमानपाट्याचा कोयता मात्र गावच्या भट्टीवर अजून घडतो, आणि त्याचा ताव रंगावरूनच ठरतो.