टाकीतला समुद्र आणि हद्दीचं भांडण

आपल्या नांदेड-लातूरकडं समुद्र नाही. काचेआडचा समुद्र आपण पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ सालचं. आता घरच्या टाकीत खारं पाणी करतो, अन् मासे भांडले की माशालाच दोष देतो. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३च्या ग्रंथात मांडलं, की प्रवाळातला भडक मासा बहुधा स्वजातीयावरच तुटून पडतो. भांडण हद्दीचं असतं. समुद्रात हरलेला पळून जातो, टाकीत जाणार कुठं? म्हणून अशा जातीचा एकच ठेवावा, भांडखोर शेवटी सोडावा, दगडांची मांडणी बदलावी. मार्च २०१६मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तेव्हा आपलाही स्वभाव बदलला नव्हता; पाणी आटलं होतं.