ट्रॉली, कुलर, कडबाकुट्टीला चाकं बसवताय? आधी वजन आणि जमीन बघा

दुधाच्या कॅनची ट्रॉली असो, कुलरचा स्टँड असो, धान्याची कोठी असो की वेल्डिंग मशीन; खाली चार चाकं लावली की दोघातिघांचं काम एकटा माणूस करतो. हार्डवेअरच्या दुकानात ही चाकं ‘कॅस्टर’ किंवा ‘ट्रॉलीची चाकं’ म्हणून मिळतात. पण बरेच जण दुकानात जाऊन ‘चार इंची चार द्या’ एवढंच सांगतात. मग एखादं चाक फुटतं, एखाद्याची दांडी वाकते आणि भरलेली ट्रॉली कलंडते. नुकसान चाकापुरतं राहत नाही. सांडलेलं दूध आणि चेपलेला पाय यांचा हिशोब वेगळाच. म्हणून चाकं घेण्याआधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

वजन चारने नाही, तीनने भागा

चार चाकं म्हणजे प्रत्येकावर पाव वजन, असं वाटतं. पण आपल्याकडची जमीन सपाट नसते. अंगणात, गोठ्यात एक चाक खड्ड्यावर आलं की ते अधांतरी राहतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून एकूण वजनाला तीनने भागायचं.

उदाहरण बघा. ४० लिटरच्या भरलेल्या कॅनचं वजन साधारण ५० किलो धरा. चार कॅनचे झाले २०० किलो. ट्रॉलीचे स्वतःचे ४० किलो. एकूण २४० किलो. चारने भागलं तर ६० येतात, तीनने भागलं तर ८०. म्हणजे एका चाकाची क्षमता ८० किलोपेक्षा कमी नको, १०० किलोची घेतली तर उत्तम. कुलरचं वजन धरताना पाणी विसरू नका. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो.

जमीन कशी, तसं चाक

- नायलॉन : कडक आणि मजबूत. गुळगुळीत कोब्यावर जड वजनालाही हलकं चालतं. पण आवाज करतं आणि फरशीवर चरे पाडू शकतं.
- रबर : मऊ असल्याने धक्के सोसतं, आवाज कमी. मात्र जड वस्तू महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिली तर चाक एका बाजूने चपटं होतं. डिझेल, ऑइल लागून रबर खराब होतं. काळं रबर फरशीवर डाग पाडतं.
- पीयू (पॉलियुरेथेन) : नायलॉन आणि रबर यांच्या मधलं. फरशीला जपतं, वजनही पेलतं, तेलाला रबरापेक्षा चांगलं टिकतं. किंमत थोडी जास्त. दुकान, दवाखाना, घरातलं कपाट यासाठी चांगलं.
- बिडाचं : खूप जड सामान आणि वर्कशॉपसाठी. गंजतं आणि फरशी फोडतं, त्यामुळे घरात नको.
- हवेचं : माती, मुरूम, खडीवर हेच चालतं. हवा तपासावी लागते आणि बाभळीचा काटा याला सोडत नाही.

गोठ्यात शेण, गोमूत्र आणि पाणी यांमुळे साधा लोखंडी सांगाडा लवकर गंजतो. तिथे स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्याचं चाक महाग पडलं तरी जास्त टिकतं.

मोठं चाक उंबरा ओलांडतं

दोन इंची चाक लहानशा खड्यालाही अडतं. तेच पाच-सहा इंची चाक सहज वर चढतं. घरातल्या फरशीवरच्या टेबलाला दोन-तीन इंची चाकं चालतील. कोब्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर न्यायचं असेल तर सहा ते आठ इंची चाकं घ्या. मात्र चाक जितकं उंच, तितकी वस्तू वर जाते. उंच, अरुंद कपाटाला मोठी चाकं लावली की ते कलंडायची भीती वाढते.

फिक्स किती, फिरती किती?

लांब ढकलायच्या ट्रॉलीला पुढे दोन फिक्स आणि दांडीच्या बाजूला दोन फिरती (रिव्हॉल्व्हिंग) चाकं लावा. ट्रॉली सरळ चालते आणि वळतेही. चारही फिरती असतील तर अरुंद खोलीत वस्तू कुठेही सरकवता येते, पण लांब अंतरावर आणि उतारावर ती आडवी पळते.

ब्रेक निदान दोन चाकांना हवा. तरीही उतारावर फक्त ब्रेकच्या भरवशावर भरलेली ट्रॉली सोडू नका. चाकापुढे दगड किंवा लाकडी ठोकळा लावाच.

कडबाकुट्टीला चाकं लावताना जपून

कडबाकुट्टी चालू असताना हादरे देते. ब्रेक लावलेला असला तरी चाकांवरचं यंत्र हळूहळू सरकू शकतं. वायर ताणली जाते आणि वैरण सारणाऱ्याचा हात पात्याजवळ असतो. म्हणून चाकं फक्त यंत्र हलवण्यासाठी समजा. फ्रेमच्या चार कोपऱ्यांना नट वेल्ड करून त्यात लांब बोल्ट बसवून घ्या. जागेवर नेल्यावर बोल्ट खाली फिरवून यंत्र उचलायचं, चाकं अधांतरी करायची, मगच बटण दाबायचं. कुट्टी असो की कुलर, जागा बदलण्याआधी प्लग काढलाच पाहिजे.

वेल्डिंग नको, बोल्ट लावा

अनेक जण चाकाची प्लेट थेट फ्रेमला वेल्ड करतात. त्या उष्णतेने आतलं ग्रीस जळतं आणि चाक जाम होतं. पुढे बदलायचं म्हटलं तर कापावं लागतं. फ्रेमला भोकं पाडलेली पट्टी वेल्ड करा आणि चाक बोल्ट व स्प्रिंग वॉशरने बसवा.

एकच चाक बदलायचं असेल तर जुनं सोबत न्या. प्लेटच्या भोकांमधलं अंतर आणि जमिनीपासून प्लेटपर्यंतची उंची जुळली पाहिजे. उंचीत फरक पडला तर ट्रॉली डुगडुगते.

आणखी एक गोष्ट. ही चाकं माणसाच्या चालीने ढकलण्यासाठी असतात. अशी ट्रॉली मोटारसायकलला किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढू नका.

दुकानात जाताना हे लिहून न्या

१. सामानासह एकूण वजन, भागिले तीन
२. जमीन : फरशी, कोबा की माती
३. फिक्स किती, फिरती किती, ब्रेक किती
४. पाणी, शेण, तेल लागणार का
५. प्लेटचं माप आणि उंची

चाकाची वजनक्षमता दुकानदाराला विचारा आणि साइजसोबत बिलावर लिहून घ्या. बसवल्यावर महिन्यातून एकदा बोल्ट आवळा, दांडीला गुंडाळलेली वैरण, सुतळी, केस काढा आणि दोन थेंब तेल सोडा. चाक करकरायला लागलं की ढकलण्याचा जोर वाढवू नका, खाली वाकून बघा.