मागच्या तारखेची नोंद

आमच्या बँकेत झालेली नोंद खोडायची नसते. खतावण्या जाऊन संगणक आला तरी नियम तोच. उलटी नोंद करायची आणि साहेबांची मंजुरी घ्यायची. मग चूक आणि दुरुस्ती सासू-सुनेसारख्या एकाच पानावर नांदतात.

कथालेखकांना ही शिस्त नाही. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात लोटले. वाचक खवळले. १९०३ साली होम्स हजर! म्हणे, तो पडलाच नव्हता. जपानी कुस्तीचा डाव टाकून निसटला होता. मागच्या तारखेची ही नोंद वाचकांनी आनंदाने पास केली.

आम्हा वाशीमकरांनाही असली नोंद चालते. आमचा जिल्हा १९०५ साली अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी परत आला. मधली त्र्याण्णव वर्षे आम्ही बोलण्यात घेतच नाही.

पण पानिपतचे काय? १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला. १७७६ साली कोकणातले किल्लेसुद्धा त्याच्या हाती आले. लोक काही खुळे नव्हते. भाऊ परत येतात तर आपलाही कोणी येईल, असा घरोघरचा हिशेब असावा. पुणे दरबाराने त्याच साली तोतयाला देहदंड दिला.

इराकच्या युद्धात माणसे नव्हे, कारण बदलले. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक चिमुकली कुपी दाखवली. कर्जाचा उद्देश : संहारक अस्त्रे. मार्चमध्ये लढाई सुरू झाली, बगदाद पडले, अस्त्रे काही मिळेनात. साठे नव्हतेच, असे २००४ साली अमेरिकेच्याच तपासपथकाने सांगितले. मग तळटीपेतली लोकशाही उचलून मथळ्यात बसवली. ट्रॅक्टरसाठी कर्ज काढून पोरीचे लग्न लावणारे खातेदार आमच्याकडेही आहेत, पण ते निदान साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहतात.

होम्सच्या दुरुस्तीत एक मेलेला माणूस उठला. इथे उद्देश बदलला, तरी सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक जिथल्या तिथे राहिले.

पॉवेलसाहेबांनी २००५ साली ते भाषण म्हणजे आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचे कबूल केले. म्हणजे उलट्या नोंदीखाली एक सही तरी मिळाली. बाकीचे साहेब बहुधा रजेवर असावेत.