ड्रॅग कलाकारांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून : मुलाखती का महत्त्वाच्या ठरतात?

भडक मेकअप, उंच विग, झगमगीत गाऊन. ड्रॅग कलाकार म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण त्यामागच्या माणसाला काय म्हणायचंय? 1990 साली आलेल्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटाने हा प्रश्न थेट कलाकारांनाच विचारला.

ड्रॅग म्हणजे काय?

वेशभूषा, मेकअप आणि हावभावांतून स्त्रीत्व किंवा पुरुषत्व मुद्दाम ठळक करून सादर करणं म्हणजे ड्रॅग. आपल्याला बालगंधर्व आठवतील, पण तिथे नाटकातली स्त्री हुबेहूब उभी करायची होती. ड्रॅगमध्ये अतिशयोक्ती हीच गंमत असते.

माहितीपटात काय आहे?

दिग्दर्शिका जेनी लिव्हिंग्स्टन यांनी 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या 'बॉल' स्पर्धांचं चित्रीकरण केलं. त्यात भाग घेणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. आरशासमोर मेकअप करता करता डोरियन कोरी 'रीडिंग' आणि 'शेड' यांतला फरक सांगतात. समोरच्याचं वैगुण्य हेरून त्यावर नेमकं बोट ठेवणं म्हणजे रीडिंग, तर न बोलताही लागणारा टोमणा म्हणजे शेड.

मुलाखतींमुळे काय कळलं?

सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे. पेपर लाबेजा यांना लिंगबदल शस्त्रक्रिया नको होती. व्हीनस एक्स्ट्राव्हगांझा यांना मात्र स्त्री म्हणूनच आयुष्य जगायचं होतं. दोघींना फक्त स्टेजवर पाहून हा फरक कळला नसता. चित्रीकरणाच्या काळातच, 1988 मध्ये, व्हीनस यांची हत्या झाली. पडद्यावर त्यांची स्वप्नं त्यांच्याच शब्दांत उरली आहेत.

मग वाद कशावरून झाला?

बोलणं कलाकारांचं असलं, तरी त्यातलं काय ठेवायचं हे दिग्दर्शिका ठरवते. त्या समाजाबाहेरच्या गोऱ्या दिग्दर्शिकेच्या नजरेवर लेखिका बेल हुक्स यांनी टीका केली. चित्रपट चालल्यावर काही कलाकारांनी पैशांत वाटा मागितला. संमतीपत्रांवर सह्या झालेल्या असल्याने कायदेशीर दावे टिकले नाहीत. अखेर 13 जणांमध्ये सुमारे 55 हजार डॉलर वाटण्यात आले.

मुलाखत वाचताना काय पाहावं?

प्रश्न फक्त कपड्यांविषयी आहेत की कामाविषयी, कमाईविषयीही आहेत? कलाकाराने स्वतःसाठी निवडलेलं नाव आणि ओळख जशीच्या तशी वापरली आहे का? उत्तरं पुरेशी सलग दिली आहेत, की मधलीच वाक्यं उचलली आहेत? यावरून मुलाखतीत नक्की कोण बोलतंय, हे लक्षात येतं.