सौर रेडिओलहरींतून कृष्णद्रव्याचा शोध

सूर्याच्या किरीटातून (करोना) येणाऱ्या रेडिओलहरींत कृष्णद्रव्याच्या अतिहलक्या कणांची खूण शोधण्याची पद्धत. विश्वातील द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य असावे, असे दीर्घिकांच्या गतीवरून आणि वैश्विक पार्श्वप्रारणावरून दिसते. ते कशाचे बनले आहे, हे अजून उलगडलेले नाही. डार्क फोटॉन आणि ॲक्सिऑन या दोन संभाव्य कणांचा माग या पद्धतीने घेतात.

तत्त्व : किरीट म्हणजे अतितप्त, विरळ प्लाझ्मा. त्यातील इलेक्ट्रॉनांची आंदोलन-वारंवारता घनतेनुसार ठरते. घन सेंटिमीटरला सुमारे १.१ कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ती ३० मेगाहर्ट्‌झ, सुमारे ८ कोटी असतील तर ८० मेगाहर्ट्‌झ भरते. ही वारंवारता जिथे कणाच्या वस्तुमानाशी जुळते, तिथे अनुस्पंदनाने त्याचे रेडिओलहरीत रूपांतर होऊ शकते. ॲक्सिऑनला त्यासाठी चुंबकीय क्षेत्रही लागते. किरीटात ते आयतेच असते. प्रयोगशाळेत उपकरण एकेका वारंवारतेला जुळवत बसावे लागते. इथे मात्र सूर्यापासून दूर जावे तशी घनता घटत असल्याने किरीटाच्या निरनिराळ्या थरांत निरनिराळी वस्तुमाने आपोआप तपासली जातात. हेच या पद्धतीचे खरे बळ.

संकेताची ओळख : सौर स्फोटांचा रेडिओ गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो आणि वेळेनुसार सरकतो. कृष्णद्रव्याचा संकेत एकाच वारंवारतेवर स्थिर, रेघेसारखा अरुंद असायला हवा. सूर्याच्या या गोंगाटाची ओळख मात्र जुनी आहे : फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारांवरील गोंगाट शत्रूचा नसून सूर्याचा आहे, हे शास्त्रज्ञ जे. एस. हे यांनी ओळखले. ती रडारे ४ ते ६ मीटर तरंगलांबीवर, म्हणजे आज धुंडाळल्या जाणाऱ्या पट्ट्यातच चालत.

निष्कर्ष : भौतिकशास्त्रज्ञ हैपंग आन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही कल्पना डार्क फोटॉनसाठी मांडली. पुढे नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या लोफार दुर्बिणीची सौर निरीक्षणे त्यांच्या गटाने तपासली आणि २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. अपेक्षित रेघ सापडली नाही. मात्र ३० ते ८० मेगाहर्ट्‌झमध्ये डार्क फोटॉन आणि प्रकाश यांच्या मिश्रणांकाची (दोघांमधील दुव्याच्या तीव्रतेची) कमाल मर्यादा १०⁻¹³ पर्यंत खाली आली. पार्श्वप्रारणावरून मिळालेल्या मर्यादेपेक्षा ती सुमारे दसपट कडक आहे. ॲक्सिऑनबाबत मात्र सर्नच्या ‘कास्ट’ या ॲक्सिऑन-शोधक प्रयोगाची मर्यादाच सरस ठरली.

पुढील टप्पा : ऑस्ट्रेलियात उभारल्या जाणाऱ्या ‘एसकेए-लो’ दुर्बिणीचा पट्टा ५० ते ३५० मेगाहर्ट्‌झ आहे. त्यामुळे अधिक वस्तुमानाचे कणही तपासता येतील. भारत या प्रकल्पाचा सदस्य असून देशातील कामाचे नेतृत्व पुण्याची राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) ही संस्था करते.