ग्रेनेडाची सनद

१९७६ साली ग्रेनेडाच्या संसदेने कायदा करून सेंट जॉर्जेस या वैद्यकीय महाविद्यालयाला सनद दिली आणि जानेवारी १९७७मध्ये तिथे वर्ग भरले. बेट ब्रिटनपासून स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. वस्ती लाखभर, मुख्य पीक जायफळ. संस्थापक अमेरिकन, विद्यार्थी बहुतेक अमेरिकन, आणि त्यांना डॉक्टरकी करायची होती तीही अमेरिकेतच. ग्रेनेडाकडून हवा होता तो पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार. १९७८मध्ये याच धर्तीवर डॉमिनिकात रॉस विद्यापीठ निघाले आणि माँटसेरातमध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियन. घरी प्रवेश हुकलेल्या श्रीमंत मुलांची पळवाट, असा शिक्का या महाविद्यालयांवर सहज बसतो. पण ती पळवाट अमेरिकेच्याच धोरणाने तयार केली होती.

वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये बंद पडली. दर्जा निश्चित सुधारला. मात्र कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी दोनच उरली. साठच्या दशकात सरकारी पैशाने जागा वाढल्या, आणि १९७६मध्ये, म्हणजे सेंट जॉर्जेसला सनद मिळाली त्याच वर्षी, अमेरिकी काँग्रेसने डॉक्टरांचा तुटवडा संपल्याचे कायद्यात लिहून टाकले. १९८०च्या एका सरकारी समितीने तर १९९०पर्यंत ७०,००० डॉक्टर जादा होतील असे भाकीत केले. पुढे जवळजवळ पाव शतक जागा फारशा वाढल्या नाहीत. रुग्णालयांतल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, जागा मात्र देशात तयार होणाऱ्या पदवीधरांपेक्षा जास्तच राहिल्या. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर ही पोकळी भरणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे डॉक्टरही होते. १९७६च्या त्याच कायद्याने परदेशी डॉक्टरांची वाट अरुंद केली. बेटावरून पदवी आणणाऱ्या अमेरिकन नागरिकाला व्हिसाची गरजच नव्हती.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा, आणि तो निराधार नाही. १९८४मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधली दोन महाविद्यालये पदव्या विकताना पकडली गेली आणि बंद झाली. पण ती उदाहरणे सगळ्यांवर लादता येत नाहीत: परवाना परीक्षा सर्वांना एकच आहे, आणि दोन वर्षे बेटावर मूलभूत विषय शिकून विद्यार्थी क्लिनिकल शिक्षण अमेरिकी रुग्णालयांतच घेतात. त्यासाठी महाविद्यालये पैसे मोजतात. सेंट जॉर्जेसने न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला होता. व्यवस्थेला हे विद्यार्थी खरोखरच अपात्र वाटत असते, तर तिने त्यांना आपल्या वॉर्डांत उभे केले नसते. तरी जोखीम सारखी नाही. २०२४मध्ये अमेरिकेतल्या एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना रेसिडेन्सी मिळाली. बाहेर शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांना. उरलेल्यांच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहते. जागा मोजून ठेवण्याच्या धोरणाची किंमत अशी तरुण माणसांनी चुकवली, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप बेटांच्या बाजूने येतो: त्यांना भाडे मिळाले, रोजगार मिळाला. मिळाला, पण दुसऱ्याच्या मर्जीवर. ऑक्टोबर १९८३मध्ये ग्रेनेडात पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या झाली, आणि सहा दिवसांनी अमेरिकी सैन्य उतरले. तिथल्या शेकडो अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे त्याचे एक जाहीर कारण होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईचा निषेध केला. १९९५मध्ये ज्वालामुखी जागा झाला तेव्हा माँटसेरातचे महाविद्यालय सेंट मार्टेनला गेले. २०१७च्या मारिया वादळानंतर रॉसने काही काळ सेंट किट्सला नांगरलेल्या जहाजावर वर्ग घेतले आणि २०१९मध्ये बार्बाडोस गाठले. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या डॉमिनिकातल्या पोर्ट्समथच्या घरमालकांना असे कुठेही जाता येत नव्हते. जमैकात मोना इथे १९४८मध्ये ३३ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेले वेस्ट इंडीज विद्यापीठ या प्रदेशासाठी डॉक्टर घडवते. ते हलवण्याचा विचार कुठल्या कंपनीच्या संचालक मंडळाला करता येत नाही.

भारतातून या वाटेने जाणाऱ्यांना वेगळाच हिशेब लागू होतो. भारतात परतून व्यवसाय करायचा तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हावी लागते, शिवाय त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता लागते. दोन वर्षे बेटावर आणि पुढचे शिक्षण दुसऱ्या देशातल्या रुग्णालयांत, ही मूळ रचना अमेरिकन नागरिकासाठी बेतलेली होती. या नियमांत ती बसत नाही.